लहरींचं गायरान

वैशाखातली रात्र होती. साडेनऊच्या सुमारास लाइट गेली आणि जालन्याच्या जुन्या भागातली आमची गल्ली एका क्षणात अंधारली. लोक ओट्यावर येऊन बसले, कुणी गच्चीवर गाद्या नेल्या. मी मात्र वरच्या खोलीत रेडिओसमोरच बसून राहिलो. माझा रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. हॅम रेडिओ बाळगणाऱ्या माणसाला लाइट जाणं ही पर्वणी वाटते, कारण गल्लीतले सगळे चार्जर, एलईडी दिवे, टीव्ही, पंख्यांचे रेग्युलेटर एकदम मुके होतात. उन्हाळ्यात भर दुपारी वडाखाली शिरावं तसं कानांना वाटतं. येणाऱ्या आवाजाची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरची सुई खाली बसते आणि दिवसभर गोंगाटाखाली दबलेली दूरची स्टेशनं एकेक करून वर येतात.

त्या रात्री सुई खाली बसली नाही.

सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तोच आवाज होता, जो मी दोन महिने ऐकत होतो. टक, टक, टक, टक. कोरड्या फळीवर नखानं भराभर टिचक्या माराव्यात तसा. मधूनच या टिचक्या एकमेकींत मिसळत, पत्र्यावर पाऊस कोसळल्यासारखा सलग खरखराट होई, आणि मिनिटाभरानं पुन्हा टिचक्या. दोन महिने मी या आवाजाचा दोष ज्याच्या-त्याच्यावर टाकत होतो. आधी पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांवर. जालन्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात विजेची कुठलीही तक्रार आली की पहिली भट्टीच येते. मग कोपऱ्यावरच्या डीपीवर. मग शहराबाहेरच्या सौरपंपांच्या कंट्रोलरवर. यातलं काहीच खरं नव्हतं. गल्ली अंधारात असताना जे यंत्र बोलत होतं, ते इन्व्हर्टरवर चालत होतं. आमच्या टोकाला इन्व्हर्टर असलेली घरं तीन. शोध तीन उंबऱ्यांवर येऊन ठेपला.

सामाईक जमीन

शोधात काय सापडलं ते सांगण्याआधी, काय हरवत होतं ते सांगायला हवं.

आपल्याकडं गावाला गायरान असतं. ते कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसतं, पण सगळ्यांची जनावरं तिथं चरतात. ते कसं जातं, हेही मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. एक जण चार दिवसांसाठी कडब्याची गंजी रचतो, दुसरा उकिरडा टाकतो, तिसरा पत्र्याचं शेड ठोकतो. यातला कुणीही गायरान बळकावायला आलेला नसतो. प्रत्येकाची गरज खरी असते आणि प्रत्येकानं घेतलेली जागा थोडीच असते. आणि एके दिवशी गुराख्याला कळतं, की जनावरं उभी करायलाही जागा उरलेली नाही.

रेडिओलहरींचा पट्टा हे असंच गायरान आहे. त्यातला ३ ते ३० मेगाहर्ट्झचा भाग, ज्याला आपण शॉर्टवेव्ह म्हणतो, तर फारच मोलाचा. या लहरी जमिनीला समांतर जाऊन विरून जात नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यप्रकाशामुळं विद्युतभारित झालेले पट्टे आहेत, त्यांवरून या लहरी परत फिरतात आणि शेकडो, हजारो किलोमीटरवर उतरतात. मधे टॉवर लागत नाही, केबल लागत नाही, उपग्रहही लागत नाही. जुन्या काळच्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बइतकी शक्ती आणि दोन खांबांमधली एक तार एवढ्यावर जालन्यातला माणूस जपानशी बोलू शकतो.

या पट्ट्यातल्या काही चिंचोळ्या फाळ्या जगभर हौशी रेडिओचालकांसाठी, म्हणजे हॅमसाठी राखलेल्या आहेत. आपल्या देशात परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. तिची स्थापना १९५२ची. परीक्षा द्यावी लागते, तिच्यात विजेची आणि रेडिओची मूलतत्त्वं असतात, नियम असतात, वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कट्ट-कडकट्टही यावी लागते. उत्तीर्ण झालं की व्हीयू-२ किंवा व्हीयू-३नं सुरू होणारं ओळखचिन्ह मिळतं. आमच्यात माणसाची ओळख आडनावानं होत नाही, या चिन्हानं होते.

मला सर्वांत जवळचा पट्टा ४० मीटरचा, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ. मराठी माणसाला या पट्ट्याबद्दल वेगळी आत्मीयता वाटायला एक कारण आहे. ऑगस्ट १९४२मध्ये ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली. त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चुकवत जागा बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरला पकडलं जाईपर्यंत चाललं. यंत्र उभं करणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हा हौशी रेडिओवाला होता, आणि पुढं त्याच्याच फितुरीमुळं घात झाला, हेही खरं. प्रक्षेपण व्हायचं ४२.३४ मीटरवर. भागाकार करून पाहा, ही लहर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झची येते. म्हणजे मी आज रात्री जिथं बसतो, त्याच फाळीत ती गुप्त वाणी घुमत होती. तिच्या मागावर पोलीस होते, पण घराघरांतल्या यंत्रांचा गोंगाट तरी नव्हता. आजच्या शहरी गल्लीत तेवढं क्षीण केंद्र किती घरांना ऐकू आलं असतं, याचा विचार करून मी अस्वस्थ होतो.

क्षीण म्हणजे किती, याचाही अंदाज द्यायला हवा. आमच्या मीटरवर एस-९ म्हणजे खणखणीत संदेश. त्या वेळी अँटेनातून रेडिओत शिरणारी शक्ती असते एका वॅटचा दोन हजार कोटींवा भाग. एस-९पासून खाली प्रत्येक पायरीला ती चौथाई होत जाते. एस-३वरचं बोलणंही सरावलेला कान समजू शकतो, जर आसपास शांतता असेल तर. माझ्या खोलीतली शांतता पूर्वी एस-३वर होती. त्या दोन महिन्यांत ती एस-८वर गेली. पाच पायऱ्या. एकाला चारनं पाच वेळा गुणलं की १,०२४ होतात. माझ्या दाराशी गोंगाट हजारपट झाला होता आणि त्याखालचं प्रत्येक स्टेशन पुसलं गेलं होतं.

विजेच्या तारेवरून इंटरनेट

लाइट गेलेल्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मी तांब्याच्या तारेचं हातभर व्यासाचं वेटोळं केलं, ते छोट्या बॅटरीवरच्या रेडिओला जोडलं आणि संध्याकाळी गल्लीत फिरलो. अशा वेटोळ्याचा गुण असा, की ते एका दिशेला धरलं की आवाज एकदम पडतो. त्यावरून उगम कुठल्या रेषेवर आहे ते कळतं. तीनपैकी दोन घरांपुढं टिचक्या मंद होत्या. तिसऱ्या घरापुढं, मीटरच्या पेटीजवळ, आवाज इतका वाढला की रेडिओ कानापासून लांब धरावा लागला.

घर ओळखीचं, दोन पिढ्यांच्या येण्याजाण्याचं. जुन्या बांधणीचं, दीड हात जाडीच्या दगडी भिंतींचं. मी तिथल्या वहिनींना सगळं सांगितलं, त्यांनी मुलाला हाक मारली. तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. माझं म्हणणं त्यानं नीट ऐकलं आणि म्हणाला, “काका, आमच्यामुळं का? पण वायफाय तर सगळ्यांकडंच आहे.”

वायफायचा यात काही संबंध नव्हता. वायफायच्या लहरी कितीतरी वरच्या पट्ट्यात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर असतात. पण त्याच्या राउटरचा वायफाय त्या दगडी भिंतींतून माडीवर पोचत नव्हता, आणि म्हणून त्यानं ऑनलाइन दोन पांढऱ्या डब्या मागवल्या होत्या. एक डबी खाली राउटरशेजारच्या सॉकेटात खोचायची, दुसरी माडीवर टेबलाजवळ. मधे नवी वायर ओढायची नाही, भिंत फोडायची नाही. घरातल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट वर जातं. यांना पॉवरलाइन अडॅप्टर म्हणतात. माझ्या घरात लहान मुलं असती आणि मला सकाळी नऊपासून मीटिंगा असत्या, तर मीही हेच आणलं असतं.

डबी करते ते असं. आपल्या तारांत ५० हर्ट्झची वीज वाहते. डबी त्याच तारेवर साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झमधले शेकडो बारीक संदेशप्रवाह चढवते आणि दुसरी डबी ते उतरवून घेते. ओझं वाहणाऱ्या बैलगाडीच्या जुवावर चिमण्या बसाव्यात तसे ते विजेबरोबर जातात. विजेला त्यांचा त्रास नाही, त्यांना विजेचा नाही. अडचण तारेची आहे. टेलिफोनच्या किंवा लॅन केबलच्या तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. एका तारेतला प्रवाह जातो आणि जोडीच्या तारेतला उलटा येतो, म्हणून त्यांच्या लहरी एकमेकींना मारतात आणि बाहेर काही सांडत नाही. घराच्या वायरिंगमध्ये असा तोल राखलेला नसतो. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तसाच पुढं जातो. फेज बोर्डापर्यंत उतरून पुन्हा वर चढतो, न्यूट्रल सरळ दिव्याकडं निघून जातो. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या की तोल सुटतो, आणि संदेश तारेत राहण्याऐवजी हवेत जाऊ लागतो.

त्यात मापांचा योगायोग असा, की ४० मीटरच्या पट्ट्यासाठी आम्ही जी साधी अँटेना बांधतो, तिची लांबी सुमारे २० मीटर असते, दोन्ही बाजूंना दहा-दहा. मीटरपासून माडीवरच्या शेवटच्या बोर्डापर्यंतची तार मोजा, ती याच्या जवळपासच भरते. प्रत्येक घराच्या भिंतीत नकळत एक शॉर्टवेव्ह अँटेना पुरलेली आहे. इतके दिवस तिला कुणी प्रक्षेपक जोडला नव्हता, डबीनं तो जोडला. तिची शक्ती एका वॅटपेक्षाही कमी असते. पण वर सांगितलेला वॅटचा दोन हजार कोटींवा भाग आठवा. ज्या मैदानात कुजबुज ऐकायची असते, तिथं दारातल्या माणसाचं साधं बोलणंही आरडाओरड ठरतं.

मी मुलाला एक विनंती केली: माडीवर जाऊन एखादा मोठा व्हिडिओ डाउनलोडला लाव. त्यानं लावला आणि माझ्या हातातल्या रेडिओवर टिचक्यांचा सलग खरखराट झाला. थांबवला, पुन्हा टिचक्या. नुसत्या बसलेल्या डब्या एकमेकींना “आहेस का, आहेस का” विचारत राहतात, त्या टिचक्या. काम सुरू झालं की पाऊस. मग त्यानं खालची डबी सॉकेटातून काढली.

आवाज गेला. अंगणात उभ्या त्या छोट्या रेडिओवर कुठलंतरी दूरचं केंद्र बोलू लागलं. मुलानं रेडिओ माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा डबी लावून, काढून, स्वतः दोनदा ऐकलं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तारेला दार असतं

विजेच्या तारेवरून संदेश पाठवणं ही कल्पना नवी नाही, आणि ती मुळात वाईटही नाही. तुम्ही कुठल्याही अतिउच्चदाब उपकेंद्राशेजारून गेला असाल, तर तारांच्या ओळीत टांगलेलं, पिंपासारखं दिसणारं एक मोठं वेटोळं पाहिलं असेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. एका उपकेंद्रातून दुसऱ्याशी बोलायला, बिघाड झाला तर क्षणात लाइन तोडण्याचा आदेश द्यायला वीज-अभियंते अनेक दशकं याच तारांवरून, साधारण ४० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात संदेश पाठवत आले आहेत. ते वेटोळं ५० हर्ट्झच्या विजेला मोकळी वाट देतं आणि संदेशाला तिथंच अडवतं. म्हणजे संदेश ज्या लाइनवर सोडला, त्याच लाइनवर राहतो. जुन्या अभियंत्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, की तारेवर संदेश सोडायचा तर त्याला दारही लावायला हवं. घरातल्या डबीमागं असं दार नसतं. मीटरच्या पलीकडं खांब आहे, खांबावरून शेजारच्या घराची तार आहे, आणि संदेश बिनदिक्कत तिकडं जातो.

डबी बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. होमप्लग या उद्योगमानकात हौशी पट्ट्यांसाठी खाचा ठेवल्या गेल्या. म्हणजे २ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये बोलताना डबीनं नेमक्या हॅमच्या फाळ्यांमध्ये आवाज ३० डेसिबलनं उतरवायचा. ३० डेसिबल म्हणजे हजारपट. माझ्याकडं गोंगाट जितका वाढला होता, बरोबर तितका. शेजारच्या डबीत ही खाच प्रामाणिकपणे असती, तर मला तिचा पत्ताही लागला नसता. पण त्या डबीवर ना धड नाव होतं, ना कुठल्या मानकाचं चिन्ह. खाच ही स्वस्तात पाळण्याजोगी गोष्ट आहे, आणि न पाळली तरी विकत घेणाऱ्याला कळत नाही; इंटरनेट दोन्ही डब्यांतून सारखंच येतं. नुकसान तिसऱ्याच माणसाचं होतं, जो त्या व्यवहारात कुठंच नसतो.

जगात हा झगडा याहून मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. अमेरिकेत एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या वीजवाहिन्यांतूनच घरोघरी ब्रॉडबँड द्यायची योजना निघाली. व्हर्जिनिया राज्यातलं मनासस हे छोटं शहर तिचं गाजलेलं उदाहरण. २००५मध्ये तिथं शहरभर ही सेवा सुरू झाली. रस्त्यावरून गाडी नेली तरी गाडीतल्या शॉर्टवेव्हवर गोंगाट ऐकू येई, अशा तक्रारी हॅमनी केल्या. त्यांची राष्ट्रीय संघटना एआरआरएल तिथल्या दूरसंचार नियामकाविरुद्ध न्यायालयात गेली. २५ एप्रिल २००८ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं निकाल दिला, की नियम करताना नियामकानं स्वतःच्याच तज्ज्ञांच्या अभ्यासातले काही भाग लोकांपासून झाकून ठेवले, आणि ते उघड करायला हवेत. हौशी लोकांच्या संघटनेनं सरकारी यंत्रणेला तिच्याच कागदांवर पकडलं होतं. पुढं २०१०मध्ये मनाससची सेवा बंद झाली. दुसऱ्या मार्गांनी येणारं इंटरनेट अधिक वेगवान आणि परवडणारं झालं होतं.

ब्रिटनमध्ये प्रश्न आपल्यासारखा घरातल्या डब्यांचा होता. टीव्ही सेवेबरोबर त्या लाखो घरांत गेल्या आणि तक्रारींचा ढीग झाला. तिथून आणि युरोपातल्या इतर देशांतून झालेल्या दीर्घ वादानंतर २०१३मध्ये ईएन ५०५६१-१ हे मानक आलं. हॅमच्या पट्ट्यांत कायमची खाच, शॉर्टवेव्ह प्रसारण केंद्र ऐकू येत असेल तर डबीनं आपणहून त्या जागी गप्प बसणं, आणि गरजेपुरतीच शक्ती वापरणं, असे त्यात तीन दंडक आहेत. तंत्रज्ञान बंद पाडून काही मिळवायचं नव्हतं. त्याला शेजारधर्म शिकवायचा होता, आणि तो शिकवता येतो हे या मानकानं दाखवलं.

कुजबुज ऐकणारे

मूठभर छंदिष्टांच्या कानांसाठी एवढा खटाटोप का, हा प्रश्न मला सभ्यपणे अनेकदा विचारला गेला आहे. त्याचं उत्तर मराठवाड्यातच आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीची घरं माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली, आणि जिथं बोलायची सर्वांत जास्त गरज होती तिथंच तारा तुटलेल्या होत्या. त्या दिवसांत जे स्वयंसेवक तिथं धावले, त्यांत हॅमही होते. पाठीवर बॅटरी, हातात रेडिओ, आणि दोन झाडांमध्ये बांधलेली तार. कुठल्या गावाला तंबू हवेत, कुठं डॉक्टर पोचले नाहीत, कोण जिवंत आहे, असले निरोप त्या तारेवरून गेले.

अकरा वर्षांनी २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधण्याची मोहीम घेऊन त्या व्हीयू-४-आरबीआय या चिन्हानं तिथं गेल्या होत्या. जमीन हादरली, मग समुद्र आला, फोन मुके झाले. छंदासाठी नेलेल्या त्याच रेडिओवरून त्यांनी मुख्य भूमीला खबर दिली आणि पुढं कित्येक दिवस बेटांवरच्या माणसांचे निरोप त्यांच्या नातलगांपर्यंत पोचवले.

या गोष्टी सांगताना आपण बोलणाऱ्याचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला कुणीतरी ऐकणारा होता, आणि त्याच्या खोलीत ऐकण्याजोगी शांतता होती. संकटातला माणूस बॅटरी वाचवत, वाकड्या तारेवर, कमी शक्तीनं बोलतो. त्याचा आवाज एस-९वर येत नाही, तो एस-३वर येतो. ऐकणाऱ्याच्या गल्लीतला गोंगाट एस-८ असेल, तर तो निरोप निघूनही पोचत नाही. आणि न पोचलेल्या निरोपाची नोंद कुठंच होत नाही, हे त्यातलं सर्वांत वाईट.

शांततेचं मोल जाणणारे आणखीही आहेत. एकेकाळी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला असंच गोंगाट शोधायचं काम दिलं होतं. समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. त्यानं २०.५ मेगाहर्ट्झवर फिरती अँटेना लावली. विजांच्या कडकडाटाचा गोंगाट सापडला, पण एक मंद फुसफुस उरली, जी रोज चार मिनिटं लवकर उगवायची. ती ताऱ्यांच्या वेळापत्रकानं येत होती. आकाशगंगेच्या गाभ्याकडून. १९३३मध्ये हे जाहीर झालं आणि रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं. तीच लहर आज पॉवरलाइन डब्यांच्या पट्ट्यात येते. जान्स्कीच्या अँटेनेशेजारी तेव्हा अशी डबी असती, तर ती फुसफुस त्याला ऐकूच आली नसती.

त्या परंपरेतलं मोठं ठिकाण आपल्याच राज्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्यांनाही विजेच्या तारांचा त्रास होतो, पण वेगळ्या जातीचा. खांबावरचा एखादा पिन इन्सुलेटर तडकला किंवा तारेची बांधणी सैल झाली, की तिथं बारीक ठिणगी उडत राहते, सेकंदाला शंभर वेळा. डोळ्यांना ती दिसत नाही, दुर्बिणीला मात्र ती दूरच्या ताऱ्याहून प्रखर वाटते. तिथली माणसं गाडीवर अँटेना लावून खांबाखांबानं असे दोष शोधतात आणि वीज कंपनीच्या लोकांकडून दुरुस्त करून घेतात. आता दुर्बिणीच्या संगणकातही अशा ठिणग्या त्याच क्षणी गाळून टाकायची सोय केलेली आहे. यातून वीज कंपनीचाही फायदा होतो. सैल बांधणी आज रेडिओत खरखरते, उद्या ती तार तोडते.

आणि एक गोष्ट जालनेकरांनाही फारशी ठाऊक नसते. पोलादाचं आणि बियाण्यांचं गाव म्हणून आपल्याला सगळे ओळखतात. पण दूरसंचार विभागाची जी संघटना देशाच्या रेडिओलहरींवर नजर ठेवते, त्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं आंतरराष्ट्रीय उपग्रह निरीक्षण भूकेंद्र जालन्यात आहे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठाण मांडून बसलेले उपग्रह आपल्या वाटच्या लहरीतच बोलतात का, कुणी कुणाच्या जागेत शिरतंय का, हे तिथल्या तबकड्या ऐकतात. त्यांचं काम गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, शेजारच्या डबीचा गोंगाट तिथवर जात नाही. पण मला त्या केंद्राचा अभिमान वाटतो. लहरींच्या गायरानाला राखणदार लागतो, हे देशानं मान्य केलं आणि एक राखणदार आपल्या गावात बसवला.

तो राखणदार आभाळ बघतो. गल्ली बघायला मात्र गल्लीतल्याच माणसांना उभं राहावं लागतं. तक्रार करायला सरकारी दार आहे, आणि जिथं शेजारी ऐकतच नाही तिथं ते ठोठावावं. पण प्रत्येक सॉकेटामागं अधिकारी उभा करता येत नाही. डबी देशात येते, विकली जाते, तिथंच तिची तपासणी व्हावी, खाच नसलेली डबी बाजारात येऊच नये, ही मागणी आपण हॅमनी आणि रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येकानं लावून धरायला हवी. गुराख्यानं एकट्यानं गंज्या हटवत फिरण्यापेक्षा ग्रामपंचायतीनं हद्द आखावी, हे केव्हाही बरं.

बावीस मीटर केबल

शेजारच्या मुलाचं काम अडवून माझा रेडिओ चालवणं मला पटणारं नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नाही. रविवारी आम्ही दोघांनी मिळून लॅन केबल ओढली. बावीस मीटर लागली. राउटरपासून खिडकीच्या चौकटीतून बाहेर, पावसाच्या पाइपाशेजारून वर, माडीच्या झरोक्यातून आत. दगडी भिंतीला एकही भोक पाडावं लागलं नाही. खिळ्यांच्या क्लिपा मी ठोकल्या, टोकं त्यानं बसवली. वहिनींनी दोनदा चहा दिला. केबल लावल्यावर त्यानं वेग मोजला, तर तो डब्यांपेक्षा चांगलाच जास्त आला. विजेच्या तारेवर मिक्सर लागला, पाण्याची मोटर लागली की त्याची मीटिंग अडखळायची, ते थांबलं. म्हणजे डबी त्यालाही त्रास देतच होती, फक्त त्याला तो इंटरनेटचा दोष वाटत होता.

ज्यांना केबल ओढणं शक्य नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. डबी घ्यायचीच तर मानकाचं चिन्ह असलेली घ्या, काम नसेल तेव्हा सॉकेटातून काढून ठेवा. खरखरणाऱ्या स्वस्त चार्जरच्या वायरीला फेराइटची चिमटीसारखी कडी लावली किंवा ती वायर फेराइटच्या कड्यातून पाच-सात वेढे फिरवून घेतली, तर बाहेर सांडणारा गोंगाट बराच आवरतो.

दिवाळी आली की घरोघरी माळा लागतात, त्यांचे अडॅप्टर सॉकेटात जातात. मला त्या उजेडाबद्दल काहीही तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: माळ्यावर आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर पडला असेल, तर तो खाली काढा, सेल घाला. आमच्या लहानपणी अशाच ट्रान्झिस्टरच्या मध्यम लहरींवर परभणी केंद्र लावून घरातली मोठी माणसं शेतीचे कार्यक्रम ऐकायची. दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा आणि घरभर फिरा. चार्जरजवळ, नव्या बल्बजवळ, माळेच्या अडॅप्टरजवळ. शॉर्टवेव्ह असेल तर तीही लावून राउटरपाशी जा. जिथं खरखर वाढेल, तिथलं बटण बंद करा आणि पुन्हा ऐका.

त्या वैशाखानंतर एकदा पुन्हा लाइट गेली. तो मुलगा माडीवरून उतरून माझ्याकडं आला. इन्व्हर्टरवर त्याचा राउटर चालूच होता, केबलमधून इंटरनेटही. माझी सुई एस-३वर होती. कुणीतरी मोर्समध्ये हळूहळू आपलं चिन्ह सांगत होतं, अगदी मंद, दूरवरून. मुलानं कागदावर टिंबं आणि रेघा लिहायला घेतल्या. पहिल्यांदा चुकल्या. पलीकडच्यानं पुन्हा सांगितलं, आणि या खेपेला त्याला सगळी अक्षरं आली.